बिराजदारांचं हिरवं बटण

बिराजदारांना कुणी नवी वस्तू दाखवली की ते आधी दोन पावलं मागे सरकतात. मग चष्मा कपाळावर ढकलून विचारतात, "जुन्याशी जुळतंय का पण?" ऑफिसातला नवा चहावाला असो नाहीतर माझी नवी स्कूटी! मागे बसायला सांगितलं तर चालत घरी गेले.

सोलापुरात आमचा टॉवेलचा कारखाना. मी माल रवाना करते, ते कंप्युटर सांभाळतात. माणूस दुधनीचा, हुशार आणि लई घाबरट. बिलाचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलाय. "मॅडम, कंप्युटरच्या आत राबून प्रोग्रॅम चालवतो तो जावा. पडद्यावर बटणं दाखवतो तो दुसरा. दोघांची व्हर्जन जुळाय पायजे. एकटा जावा पुढं गेला की बटणं गायब!" हे ऐकून ऐकून मलाही बिल काढताना धाकधूक होते.

रोज जेवणाआधी त्यांचा फोन वाजतो. "हां, बोल. हाय की हितंच. येतो संध्याकाळी." एवढंच. वहिनींचा फोन म्हणून आम्ही चिडवतो, ते लाजतात.

परवा मालक हट्टालाच पेटले, नवा जावा टाकाच. बिराजदारांची झोप उडाली. कारखान्याची बिलं अडकू नयेत म्हणून त्यांनी आधी घरच्या कंप्युटरवर टाकून बघितला. जावा चालू झाला, गडी खूश!

दुसऱ्या दिवशी आमचे डबे संपले तरी फोन वाजला नाही. बिराजदार एकदम पांढरेफटक पडले.

"मॅडम, घरचा बटणं दाखवणारा जुनाच ठेवलाय की वो मी! मला घरी सोडा."

स्कूटीवर त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं. वहिनींना हल्ली काही आठवत नाही. फोन लावता येत नाही, आला तर उचलायचं सुचत नाही. म्हणून त्यांनी कंप्युटरवर एकच मोठं बटण बनवलं होतं. ते दाबलं की यांचा फोन वाजायचा आणि वहिनींना पडद्यासमोर बसूनच बोलता यायचं. "जरा जोरात घ्या की," ते मागून म्हणाले.

वहिनी रिकाम्या पडद्यासमोर बसल्या होत्या. एकाच जागी बोट दाबत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललेलं. "हितं बटण होतं की. आता ह्यांना कसं बोलवू?"

बिराजदारांनी जुना जावा परत टाकला. हिरवं बटण आलं. वहिनींनी घाईनं दाबलं आणि यांच्या खिशातला फोन वाजला. ते वहिनींच्या खुर्चीला टेकूनच उभे होते. तरी त्यांनी फोन उचलला.

"हां, बोल."

वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "कुटं हाय तुमी? लई भ्या वाटलं मला."

"हाय की हितंच."

"संध्याकाळी येताय न्हवं?"

"येतो की," बिराजदार म्हणाले, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी वहिनींचे डोळे पुसले.