निनाद खंड्याचं भाषण आणि तळ्याकाठचा टॉवर

एका जंगलात एक तळं होतं. मुलांनो, तळ्यात पाणीही होतं. तेव्हा गोष्ट जुनी आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

एके सकाळी तळ्याकाठी फलक उभा राहिला. तरसशेठ तिथे उंच टॉवर बांधणार होते; त्याआधी जंगलाची सुनावणी ठेवली होती. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट. तरसशेठ सतत हसत असत. तो त्यांचा स्वभाव नव्हता. जबडाच तसा होता.

फलक वाचून निनाद नावाच्या तरुण खंड्याचं रक्त उसळलं. निनाद पलीकडच्या जंगलात कॉलेज शिकून आला होता. त्याचं स्वतःचं बीळ लांब ओढ्याच्या दरडीत होतं. पण अन्याय दिसला की तो सूर मारायचा. पाणी किती खोल आहे, ते सूर मारून झाल्यावर बघायचा.

त्याच दुपारी त्यानं ‘तळं बचाव समिती’ काढली. अध्यक्ष तो झाला. सभासदांचं नंतर बघू, असं एकमतानं ठरलं.

संध्याकाळी भागामावशी त्याच्याकडे आली. ती कासवीण. सकाळची निघाली होती.

“निनाद, बाळा, तू बोलण्यात हुशार. सुनावणीत माझं एक काम कर.”

“बोल मावशी.”

“ती दक्षिणेची वाळू आहे ना, मी अंडी घालते ती? तरसशेठ म्हणाले, सुनावणीत कुणी मागितली तर तेवढा पट्टा सोडावा लागेल. नियमच आहे म्हणे. तेवढं मागून घे. मी तोंड उघडेपर्यंत सभा उठते रे.”

निनाद दुखावला. “मावशी, आज आपण पट्टा मागितला की उद्या तळं गेलं. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“असेल. पण तत्त्वात अंडी उबत नाहीत. त्याला वाळूच लागते.”

“तडजोड नाही,” निनाद म्हणाला. तडजोड न केल्याचं समाधान त्याला रात्रभर पुरलं.

सुनावणीला सगळं जंगल लोटलं. अध्यक्षस्थानी हत्ती होता.

“आमच्या डुंबण्याचं काय?” रानम्हशीनं विचारलं.

“स्विमिंग पूल आहे ना,” तरसशेठ म्हणाले.

“त्यात चिखल असेल?”

“ताई, तुम्ही उतरल्यावर होईलच.”

माकडांनी लिफ्टला विरोध केला. लिफ्टमुळे चढण्याची परंपरा बुडेल, असं त्यांचं म्हणणं. मग लिफ्ट फुकट आहे असं कळलं आणि परंपरा थोडी मागे सरली. बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला, “माझा विरोध नाही, पाठिंबाही नाही. दुसरा पाय टेकवायला जागा मिळाली तर विचार करीन.”

निनादला हे ऐकवेना. तो उडून फांदीवर बसला.

“अरे, तुम्ही काय मागताय?” तो म्हणाला. “या तळ्याकडे एकदा बघा तरी. संध्याकाळी इथलं ऊन पाण्यावर पाय सोडून बसतं. मासोळी उलटली की तळ्याच्या अंगावर चांदीचा शहारा येतो. पहाटे धुकं कमळांना पांघरूण घालतं. आणि त्या दक्षिणेच्या वाळूवरून अनवाणी चालून पाहा. दिवसभराचा शीण तळपायातून उतरून जातो.”

सगळ्यांच्या माना तळ्याकडे वळल्या. सगळे तळ्याकाठीच जन्मले होते. पण तळं असं असतं, हे कुणाला माहीतच नव्हतं. रानम्हैस हुंदके देत होती. तरसशेठसुद्धा डोळे पुसत होते.

शेवटी मोरानं हळूच विचारलं, “हे सगळं कितव्या मजल्यावरून दिसतं?”

“वरच्या मजल्यांवरून फारच छान,” तरसशेठ म्हणाले.

मग जी रेटारेटी झाली, ती हत्तीला सोंड उगारून थांबवावी लागली.

“किनाऱ्याबद्दल कुणाची काही मागणी?” त्यानं विचारलं.

भागामावशीनं कवचातून मान बाहेर काढायला सुरुवात केली.

“आमची कुठलीही मागणी नाही,” निनाद गरजला. “आमचा संपूर्ण विरोध आहे.”

“मागणी नाही,” हत्तीनं जाहीर केलं. विरोधाची नोंद करायचा रकाना नव्हता. सभा उठली तेव्हा भागामावशीची मान अर्धी बाहेर आली होती.

पुढे टॉवर झाला. त्याच्या जाहिरातीवर निनादचं भाषण शब्द न् शब्द छापलेलं होतं. दक्षिणेच्या वाळूवर अनवाणी चालायचा ट्रॅक झाला. “कल्पना तुझीच हो,” तरसशेठ निनादला भेटल्यावर म्हणाले. “मागितली असती, तर मला वाळू सोडावी लागली असती.”

थंडी सरली. पोटात अंडी घेऊन भागामावशी नवी वाळू शोधायला निघाली. निनाद वरून उडत तिच्यासोबत होता. दर दोन पावलांनी त्याला थांबावं लागत होतं.

“मावशी, मी गप्प बसणार नाही. याविरुद्ध मी लिहिणार आहे.”

“लिही बाबा,” मावशी धापा टाकत म्हणाली. “फक्त सुंदर लिहू नकोस.”

तात्पर्य : तत्त्वाशी कधीही तडजोड करू नये. अंडी दुसऱ्याची असतील, तर मुळीच करू नये.