शरणअण्णाची छत्री

आमचे शेजारी शरणअण्णा मत माणसाला देत नाहीत, चित्राला देतात. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की उमेदवारांच्या चिन्हांचा कागद चष्म्यापाशी धरून बसतात. "ह्या किटलीला धड दांडी न्हाई. चहा ओतताना हात भाजंल. ह्येला कसं मत द्यावं?" सख्ख्या पुतण्यालासुद्धा त्यांनी एकदा मत दिलं नाही. कामून, तर त्याच्या कंदिलाची काच वाकडी होती. पुतण्या दोन वर्षं बोलत नव्हता.

अण्णा जुने पेंटर. भालकीपासून हुमनाबादपर्यंतच्या भिंती त्यांनी रंगवल्या. पुढं फ्लेक्स आले आणि ब्रश खुंटीला लागले. आता फ्लेक्स दिसला की त्यांचं डोकं फिरतं. "चाळीस तोंडं छापलेत. वाढदिवस कुणाचा म्हणावं?" जुन्या काडेपेट्यांचे, उदबत्तीच्या पुड्यांचे कागद मात्र ट्रंकेत जपून ठेवलेत. माझ्याकडे चहाला आले की आधी चहाचा पुडा उलटापालटा करतात. "पैले ह्येच्यावर पान होतं. आता बाई हसायलीय. कामून हसायलीय?" मला काय ठाऊक? मी आपली आधण ठेवते.

त्यांचं म्हणणं एकच. "आपल्या इकडं एक पाटी कन्नडात, एक मराठीत, एक उर्दूत. जिला एकबी वाचता येत न्हाई तिनं कुठं जावं? चित्र असं काढावं, की तिला कळलं पायजे." ती म्हणजे त्यांची बायको, नीलाक्का.

गेल्या वर्षापासून नीलाक्काला विसर पडायला लागला. रोज सकाळी बसवण्णाच्या गुडीला दर्शनाला जायची आणि येताना भलत्याच घरात शिरायची. आमच्या गल्लीतली दारं सगळी एकजात हिरवी. मी म्हटलं, "अण्णा, कडी लावत जावा." तर माझ्यावरच उखडले. "गाय हाय व्हय ती, बांधून ठेवायला?"

मग त्यांनी दारावर चित्रं काढायला घेतली. मोर काढला, पुसला. नंदी काढला, पुसला. अक्का सगळ्यांपुढून सरळ निघून जायची. शेवटी लाल-काळी छत्री काढली. लग्नाच्या साली कुण्या उमेदवारासाठी त्यांनी गावोगाव तीच छत्री रंगवली होती आणि रंगाचा डबा धरायला नवी नवरी अक्का बरोबर असायची. छत्रीपाशी अक्का थांबली आणि मुकाट आत गेली. त्या दिवशी अण्णा माझ्याकडे दोन कप चहा प्याले.

आणि यंदा नेमकी छत्री एका उमेदवाराला मिळाली. विरोधातल्या उमेदवारानं तक्रार केली, की दारावर चिन्ह म्हणजे प्रचारच. पंचायतीचा शिपाई चुन्याची बादली घेऊन दारात उभा. अण्णा आता भांडणार असं मला वाटलं. ते भांडले नाहीत. "नेम म्हंजे नेम," म्हणाले, त्याच्याकडून ब्रश मागून घेतला आणि आपल्याच हातानं छत्रीवर चुना फिरवला. मला बघवेना, मी आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गुडीला गेली आणि अण्णा कट्ट्यावर खरी छत्री उघडून बसले. थंडीचे दिवस, पावसाचं नाव नाही. "छत्रीचा प्रचार करायलाव का अण्णा?" येणारेजाणारे विचारायचे. अण्णा छत्री आणखी उंच धरायचे. त्यांची नजर गल्लीच्या तोंडाशी.

अक्का आली. तीन दारं ओलांडून बरोबर छत्रीपाशी थांबली. माझा जीव भांड्यात पडला.

"आमचे मालक काढतेत असली छत्री," ती अण्णांना म्हणाली. "तुमी बसा. येतेलच आता."

"व्हय, येतेल की," अण्णा म्हणाले आणि सरकून त्यांनी तिला बसायला जागा दिली.