पेझारकरकाकांचं बेट

पेझारकरकाका कुठल्याही गोष्टीत शिरायच्या आधी तिच्यातून बाहेर कसं पडायचं ते विचारून घेतात. बसमध्ये चढले की पहिला प्रश्न ड्रायव्हरला, काच फोडायचा हातोडा कुठे आहे. नाटकाला गेले तर कडेची खुर्ची, दाराजवळची. माझ्या मुलीच्या लग्नात हॉलमध्ये पाऊल टाकलं तेच मुळी "शैला, मागचं दार उघडतं ना गं?" असं म्हणत. मी वधूची आई, हातात ओटीचं ताट, दाराशी विहीण खोळंबलेली, आणि हा गृहस्थ मला आग विझवायचा लाल सिलिंडर कुठे टांगलाय ते दाखवतोय!

बरं, रागवायचीही सोय नाही. "फुटलं तर?" हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न, आणि त्यामागे शतकानुशतकांचा अनुभव. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. "आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं. सात बाया नि सात बाप्ये तेवढे वाचले. बसायच्या आधी कुणी चौकशी केली असती तर?"

"तर तुम्ही अलिबागला लागला नसता, आणि इथे लंडनात, पिनरला, मला कुणीतरी धड शेजारी मिळाला असता," मी म्हणते. काका खूश होऊन हसतात.

आम्ही पिनरला राहायला आलो तेव्हा सामान उतरवत असताना कुंपणापलीकडून आवाज आला, "ते फाटक ओढून घ्या हो, मांजर शिरतं." मी चाटच पडले. बघते तर उंच, गोरे गृहस्थ, डोक्यावर काळी गोल टोपी, हातात खुरपं. तेव्हा त्यांच्या बायको, फ्लोराआंटी, होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नारळाच्या दुधातला मासा पाठवला, आणि वर निरोप, की पातेलं परत करायची घाई नाही पण करा.

फ्लोराआंटींना जाऊन चार वर्षं झाली होती तेव्हाची ही हकिकत. म्हणजे दोन हजार पाच-सहाचा सुमार. काकांना दोन मुलं. डॅनियल साउथहॅम्प्टनला डॉक्टर, ज्यूडिथ क्रॉयडनला वकील. आंटी शेवटी डॅनियलकडेच होत्या. त्याला शेवटपर्यंत वाटत होतं, आई यातून उठेल. त्याने ज्यूडिथला फोन केला तो उशिरा. ती पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. "तू मला माझ्या मम्मीला बघू नाही दिलास," एवढं एकच वाक्य ती त्याला बोलली. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. त्यांच्यात माणूस गेलं की घरच्यांनी सात दिवस एकत्र बसायचं असतं. ही दोघं बसली, पण एक पुढच्या खोलीत आणि एक मागच्या.

काकांनी मग आपली वाटणी करून घेतली. एका रविवारी क्रॉयडन, दुसऱ्या रविवारी साउथहॅम्प्टन. जाताना डब्यात गव्हाच्या चिकाचा हलवा. तो स्वतःच ढवळायचे, हात भरून येईपर्यंत. साउथहॅम्प्टनला सांगायचे, "ज्यूडिथने पाठवलाय," आणि क्रॉयडनला सांगायचे, "डॅनियलने." आता ज्यूडिथला अंडं धड उकडता येत नाही, हे तिच्या भावाला ठाऊक नसेल? पण तो मुकाट्याने खायचा. तीही खायची.

आणि एक दिवस काका दंतवैद्याकडून आले ते हातात मासिकाचं फाडलेलं पान घेऊन. चोरलेलं, अर्थात.

"शैला, तुझा तो कम्प्युटर चालू कर."

पानावर मॉरिशस होतं. निळं पाणी, आणि त्यात पोळपाटाएवढं एक बेट. हॉटेलची बोट सकाळी तिथे सोडणार, सोबत जेवणाची टोपली, मासे बघायचे चष्मे आणि नळ्या देणार, आणि संध्याकाळपर्यंत ते अख्खं बेट आपलं. दुसरं चिटपाखरू नाही. काकांची पंचाहत्तरी ऑगस्टमध्ये होती. ती त्यांना तिथे करायची होती.

मी हॉटेलला ईमेल लिहायला बसले. पुढचा प्रश्न मला पाठच होता, म्हणून मी आपणहून टाइप केलं, की बोट फुटली तर काय सोय आहे.

"ते खोड," काका म्हणाले. "असं विचार, की बोट मधेच परत येते का."

हॉटेलच्या बाईचं गोड उत्तर आलं. काळजी करू नये, बेटावर फोन ठेवलेला असतो, केव्हाही बोट बोलवता येते. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि काकांचा चेहरा पडला.

"हे वाईट झालं. लिही, फोन नको."

"काका, बरं वाटत नाहीये का तुम्हाला? तुम्हाला बाहेर पडायला वाट नकोय?"

"मला नको असं नाही. त्यांना नको," काका म्हणाले. "डॅनियलला राग आला की तो गाडी काढतो. ज्यूडिथला आला की ती ट्रेन पकडते. बेटावर काय पकडणार?" मग, माझ्याकडे न बघता, "मी गेल्यावर सात दिवस दोघांना बसावंच लागेल गं एकत्र. पण ते बघायला मी कुठे असणार?"

मी लिहिलं, फोन नको.

त्या दिवसापासून माझ्या घराचं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस झालं. हॉटेल म्हणालं, तीन छत्र्या देतो. काकांनी कळवलं, एकच द्या, मोठी. हॉटेल म्हणालं, टोपलीत कोळंबी आणि शेवंड आहे. काकांनी कळवलं, आमच्या धर्मात खवल्याचाच मासा चालतो, बाकीचं समुद्रातच राहू दे. जावई आणि सून नकोत असं ठरलं, कारण ती दोघं फार समजूतदार आहेत, उगाच मधे पडतील. मुलांनी "ओके, डॅडी" म्हटलं. डॅनियलने आपल्या कार्डावर सगळं बुकिंग केलं. ज्यूडिथने अट घातली, की हॉटेलात ती वेगळ्या टेबलावर बसणार.

"आणि बेटावर कोण कोण?" मी विचारलं.

"आम्ही तिघं आणि तू."

"मी? मला कधी विचारलंत?"

"आता विचारतोय की. परकं माणूस समोर असलं की आपली माणसं भांडत नाहीत. तू नुसती बस. पुस्तक आण."

मला पोहता येत नाही, उन्हाने डोकं चढतं, आणि चाळीस वर्षांत मी आमच्या ह्यांना सोडून कुठे गेले नव्हते. ते तर लगेच म्हणाले, "जा की!" इतक्या लगेच, की मला संशयच आला. पण मी हो म्हटलं.

मग तालीम सुरू झाली. काकांनी चष्मा आणि नळी विकत आणली, पायात घालायचे रबरी पंखे आणले. स्वयंपाकघरात भांडी घासायच्या टबात पाणी भरलं, तळाशी गाजराच्या चकत्या टाकल्या ते मासे, कोथिंबिरीच्या काड्या टाकल्या ते शेवाळ. त्यात तोंड घालून ते नळीतून श्वास घेत उभे राहायचे. रबरी पंखे पायात. पोस्टमन एकदा पार्सलवर सही मागायला आला, काकांनी तशाच अवतारात सही केली. तो बिचारा सही न बघताच गेला.

"त्यापेक्षा दिवसभर नुसतं वाळूत बसा ना," मी म्हटलं. "हे मासे कशाला?"

"तुझ्या लक्षात येत नाही. तोंडात नळी असली की बोलता येत नाही, हा पहिला फायदा. आणि दुसरं म्हणजे, पाण्यात एखादा भारी मासा दिसला की माणूस शेजारच्याला ढोसतोच. बघ, बघ, असं. त्याला आवरत नाही. शेजारी कोण आहे ते तेव्हा कोण बघतो?" आणि मला कोपराने ढोसून त्यांनी ते करूनही दाखवलं. बरगडी दोन दिवस दुखत होती. पण खरं सांगते, मला तो बेत मनापासून पटला. इतका खुळा आणि इतका शहाणा बेत मी दुसरा पाहिला नाही.

राहिला प्रश्न परतीच्या बोटीचा. दिवस शुक्रवारचा मिळाला होता. काका धर्मकर्मात तसे सैलच, पण शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, आणि तेव्हापासून शनिवारी रात्रीपर्यंत ते कुठल्याही वाहनात पाय ठेवत नाहीत. आंटी ठेवत नसत म्हणून. हॉटेलची बोट चारला यायची. काकांना जास्तीत जास्त वेळ हवा होता. घासाघीस करून त्यांनी साडेसहा मागितले. बाईंनी लिहिलं, सर, तेव्हा अंधार होईल.

"साडेसहाला अंधार? ऑगस्टमध्ये?" काका भडकले. "इथे आठ-आठ वाजेपर्यंत ऊन असतं. आपल्या मुंबईतसुद्धा सातपर्यंत दिसतं. या बाईला लवकर घरी जायचंय, दुसरं काय!"

मलाही तसंच वाटलं. मी जरा कडक शब्दांत ईमेल लिहिली. बाईंनी मुकाट्याने साडेसहा केले, आणि त्या ईमेलची प्रत काकांनी दोन्ही मुलांना पोस्टाने पाठवून दिली.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी, मी त्यांच्याकडे पातेलं परत द्यायला गेले होते. काकांची तालीम चालली होती. फोन वाजला. चष्मा चेहऱ्यावर तसाच ठेवून, दाढीवरून पाणी ठिबकत, त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं. ज्यूडिथ होती.

"डॅडी, तुझा बोटचा टाइम बरोबर नाही. फ्रायडेला तिकडे सन सहालाच सेट होतो. इट्स विंटर देअर, डॅडी."

दुनियेतल्या प्रत्येक दाराची चौकशी करणारा हा माणूस, पण पृथ्वीच्या खालच्या अंगाला ऑगस्टमध्ये हिवाळा असतो, हे काही त्यांनी विचारलं नव्हतं.

"म्हणजे शब्बाथ बेटावरच लागला असता," ते हळूच म्हणाले. "मग आता? रद्द?"

"नाही, नाही. चेंज केला. थर्सडे. डॅनियलने हॉटेलला फोन केला."

"डॅनियलला कुणी सांगितलं?"

"मी सांगितला. बुकिंग त्याच्या कार्डवर आहे, सो आय हॅड टू रिंग हिम. आणि डॅडी, त्याने पण बघितला होता टाइम. तो म्हणाला, मी तुलाच फोन करणार होतो, पण हिंमत नाही झाली."

"बरं. आणि?"

"आणि काय? मग आम्ही बोललो. मम्मीबद्दल. बराच वेळ. तो रडला, डॅडी. मला नव्हता माहीत तो पण..." आणि तिने पुढचं वाक्य तसंच सोडून दिलं.

"बरं," काका म्हणाले. "बरं, बरं. जेवलीस का?"

फोन ठेवला तरी ते तसेच उभे. चष्म्याची काच आतून पार धुरकटली होती. डोळे दिसत नव्हते.

"काका, काढा तो चष्मा."

"थांब, गळतो का ते बघतोय," काका म्हणाले.

मी टबातली गाजरं काढत बसले. माझंही तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं होतं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्या घरात पोहे आहेत का गं? जाड नकोत."

त्यांच्यात काही मनासारखं झालं की मलिदा करतात. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलदोडा, वर फळं, आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना. मी म्हटलं, "अहो, बेट तर अजून व्हायचंय."

"बेट होईल तेव्हा होईल. हे झालंय ना?"

रविवारी मलिदा झाला. सिनेगॉगमधले चार म्हातारे आले होते. ज्यूडिथ ट्रेनने आली, डॅनियल गाडीने. मला वाटलं होतं, दोघं गळ्यात पडतील, मी रुमालही घेऊन गेले होते. तसं काही झालं नाही. दोघं एका सोफ्यावर बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. डॅनियलने बशीतलं सफरचंद कापलं आणि एक फोड तिच्या बाजूला सरकवली. तिने घेतली. काका म्हाताऱ्यांना चहा देत होते आणि चहा कपाबाहेर ओतत होते.

निघायची वेळ झाली. ज्यूडिथ स्टेशनकडे निघाली, तर डॅनियल किल्ल्या शोधत पाठमोराच म्हणाला, "चल, सोडतो. ऑन द वे आहे."

पिनरहून साउथहॅम्प्टनला जाताना क्रॉयडन वाटेवर नाही. कुठल्याही बाजूने गेलं तरी नाही. हे त्याला माहीत, तिला माहीत, आणि काकांना तर एम-ट्वेंटीफाइव्ह हायवेचं वळणन् वळण पाठ. ज्यूडिथने पर्स मागे टाकली आणि पुढच्या सीटवर बसली.

गाडी कोपऱ्यावरून वळली तरी काका फाटकाशीच. मी म्हटलं, "चला आत, गार वारा सुटलाय."

"क्रॉयडनला पोचायला किती वेळ लागेल गं?"

"रविवारची संध्याकाळ आहे. ट्रॅफिक लागला तर दोन तास सहज जातील."

"लागू दे," काका म्हणाले. "लागू दे चांगला."