वारसा क्रमांक सतरा

एका जंगलात, बाळांनो, एक बंगला होता. हसताय काय? होता म्हणजे होता! व्हिक्टोरिया राणीच्या काळात एका गोऱ्या साहेबाने तो बांधला आणि डासांना कंटाळून तो विलायतेला पळाला. रंगीत काचा, नक्षीदार लोखंडी कठडे आणि भर मे महिन्यातही ऐटीत बसलेली शेकोटी!

तिथे झिपरोजी अस्वल आणि त्याची बायको भागाबाई राहायची. घरावर दोघांचा भारी जीव.

एके दिवशी व्हरांड्याची तुळई कडाडली. झिपरोजीने धावत जाऊन ती डोक्यावर पेलली.

"भागे, टेकू आण गं!"

भागाबाई पळाली. तेवढ्यात वारसा समिती आली. अध्यक्ष कोल्हेसाहेब, सचिव वानर, सदस्य रानडुक्कर. त्यांनी दारावर पाटी ठोकली: 'हा बंगला ऐतिहासिक आहे. आजच्या स्थितीत काडीचाही बदल करू नये.'

भागाबाई सागाचा खांब ओढत आली.

"थांबा!" कोल्हेसाहेब गरजले. "पाटी लावली तेव्हा हा खांब होता?"

"नव्हता."

"मग तुळईखाली काय होतं?"

"आमचे हे होते."

"मग हेच राहतील!"

झालं! झिपरोजी वारसा झाला. शेकोटी क्रमांक सोळा, झिपरोजी क्रमांक सतरा. शाळेतली हरणं सहलीला येऊ लागली.

"गुडघे पाहा," वानर सांगायचा, "अस्सल राणीच्या काळातले!"

गुडघे बिचारे लटपटत होते. भागाबाई नवऱ्याला घास भरवी, पाठ खाजवी.

"भागे, मोहाची फुलं पडायला लागली असतील गं," झिपरोजी रडवेला होऊन म्हणाला.

"मग सोडा की!"

"आणि घर? सोडलं की बसलंच खाली!"

भागाबाईने रजेचा अर्ज दिला. कोल्हेसाहेबांनी तो तीनदा वाचला.

"शेकोटीने कधी रजा मागितली आहे का?" ते म्हणाले.

भागाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. पण बाई हुशार! पुढच्याच आठवड्यात बंगल्यावर समितीचा सत्कार होता. फोटोला कावळा आला. भागाबाई पदर सावरत पुढे झाली.

"साहेब, बंगला समितीनं सांभाळला ना? मग फोटोत आमचे हेच का धरून उभे? लोक म्हणतील, सगळं अस्वलानंच केलं!"

कोल्हेसाहेबांना ते भलतंच झोंबलं.

"ए, सरक रे!"

तिघांनी तुळईला खांदे लावले. माना ताठ, दात बाहेर. कावळ्याने फोटो काढला. झिपरोजी खाली वाकला, सटकला आणि अंगणात गिरकीच घेतली त्याने!

"अहो बाई, खांब लावा!" कोल्हेसाहेब किंचाळले. "सोडलं तर डोक्यात पडेल!"

"अगंबाई! नियम मोडू? आम्ही साधी माणसं हो, साहेब," भागाबाई म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन मोहाच्या झाडाकडे नाचत गेली.

बंगला आजही ठणठणीत उभा आहे. एक कौल हललेलं नाही.

तात्पर्य: वारसा जपायला समिती नेमावीच. फक्त सदस्य निवडताना विद्वत्ता पाहू नये, उंची सारखी आहे ना ते पाहावं.