खरा गुंडू कशावरनं

आमच्या शेजारच्या गुंडूआप्पांना त्यांची सख्खी मुलगी पुण्याहून फोन करते, तेव्हा आपण त्यांची सख्खी मुलगी आहोत हे तिला आधी सिद्ध करावं लागतं.

"आप्पा, मी रेखा."

"आवाज काय, आजकाल कुणाचाबी काढत्यात. दुधाचं पातेलं कुणी सांडलंतं?"

"आप्पा, मी ऑफिसात हाय."

"कुठंबी अस. पातेलं?"

"मी सांडलंतं. आणि नाव मांजराचं घेतलंतं."

"हां. आता बोल."

हा प्रश्न पुढच्या खेपेला चालत नाही. एकदा वापरलेला प्रश्न बाद, असा आप्पांचा नियम आहे. त्यामुळे रेखाला आपलं सगळं लहानपण पाठ ठेवावं लागतं. मध्यंतरी ती मला म्हणाली, "सुनंदामावशी, माझ्या कंपनीत शिरायला एवढी तपासणी नसते." मी तिला काय सांगणार? मी भिंतीला भिंत लावून राहते, तरी भाजीची वाटी घेऊन गेले की दाराआडून प्रश्न येतो, "मागच्या बारीला काय दिलतीस?" मी म्हणते, शेपू. "कशी झालती?" मी दात-ओठ खात म्हणते, खारट. मग कडी निघते.

आप्पांची उभी हयात बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत गेली. काम तपासणीचं. साच्यातून निघालेला ओतीव तुकडा टांगायचा, छोट्या हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर माल बाहेर. बद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, तुकडा परत भट्टीत. निवृत्त झाल्यावर हातोडी गेली, पण सवय राहिली. "वाजवून बघितल्याबिगर माल सोडायचा न्हाय," हे त्यांचं वाक्य. आता माल संपला, म्हणून ते माणसं वाजवतात.

आधार कार्डाची झेरॉक्स काढायला गेले की बिघडलेला कागदसुद्धा दुकानदाराकडून मागून आणतात. दिलेल्या प्रतीवर आडवं लिहितात, 'फक्त गॅसच्या कामासाठी, गुंडू'. पार्सलावरचा पत्ता फाडून बंबात घालतात. चोरांची दिशाभूल व्हावी म्हणून त्यांनी आपली जन्मतारीखही सगळीकडे चुकीची सांगून ठेवली आहे. त्या तारखेला गल्ली त्यांना शुभेच्छा देते आणि ते निर्विकार चेहऱ्यानं पेढा खातात. खरा वाढदिवस कधी असतो ते रेखाला आणि त्यांनाच ठाऊक. त्या दिवशी त्यांना पेढा कोण देतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

फोन आला की ते स्पीकर चालू करतात आणि मला कुंपणावरून हाक मारतात. "सुनंदा, ये गं, साक्षीला एक माणूस पायजे." अशीच एकदा मी साक्षीला उभी होते. पलीकडे कुणीतरी हिंदीत, बँकेतून बोलतोय, तुमचं कार्ड बंद होणार, नंबर सांगा, असं घाईघाईनं म्हणत होता. आप्पांनी त्याला मराठीत विचारलं, तू कुणाच्यातला रं? गाव कंचं? मग तेच कन्नडात विचारलं. मग त्याच्या गावात पाऊस कसा आहे, भात करतात का ऊस, आई-बाप कुणाकडं असतात, असं सगळं यथासांग झालं. तो बिचारा भामटा कंटाळून स्वतःच फोन ठेवून गेला. मी हसून बेजार. आप्पा मात्र फोनकडे बघत म्हणाले, "बोलत चांगला हुता की. ठेवला कशाला?"

हे सगळं वेड मुळात लागलं ते एका खऱ्या चोरीमुळे. रेखाच्या लग्नातला आप्पांचा फेट्यातला फोटो कुणीतरी उचलला, त्यांच्या नावानं सोशल मीडियावर खोटं खातं उघडलं आणि फौंड्रीतल्या सगळ्या जुन्या दोस्तांना हिंदीत निरोप टाकला, भाई, अडचणीत आहे, अर्जंट पैसे पाठव. आता गुंडूआप्पा कुणाला भाई म्हणाले, ही गोष्ट उद्यमबागेत कोण खरी मानणार? एकाचेही पैसे गेले नाहीत. पण खात्री करायला सगळ्यांनी फोन केले. वर्षानुवर्षं न बोललेली माणसं बोलली. कुणी गुडघा कसा आहे विचारलं, कुणी नातवाचं बारसं सांगितलं, कुणी फोनवरच एका मेलेल्या फोरमनची नक्कल केली. आप्पा चोराला शिव्या देत होते आणि फोन चार्जिंगला लावूनच बोलत होते. मी ते खोटं खातं तक्रार करून बंद केलं. मग फोनही बंद झाले.

"समद्यांचं आलं," आप्पा म्हणाले, "कल्लाप्पाचा तेवढा न्हाय आला."

कल्लाप्पा हे आप्पांचे फौंड्रीतले जिवलग. वाळूचा साचा त्यांनी करायचा, तुकडा आप्पांनी वाजवायचा, वाळूची धूळ दोघांनी खायची, डबा दोघांनी एक करायचा. निवृत्तीच्या तोंडावर कल्लाप्पांचा एक तुकडा बद्द वाजला आणि आप्पांनी, नेहमीच्या खड्या आवाजात, शिकाऊ पोरांदेखत तो बाद केला. कल्लाप्पा हात झटकून गेले, ते खानापूरच्या पलीकडं, कणकुंबीच्या वाटेवरच्या आपल्या गावी. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. आप्पांनी आपणहून फोन का करू नये? तर, "माल बद्द हुता. मी का करू?" आणि कल्लाप्पांनी का केला नाही? तर, "तिकडं रेंज न्हाय गं." फौंड्रीच्या ग्रुपवर मात्र कल्लाप्पा सगळं वाचतात, निळ्या खुणा उमटतात. त्या खुणा आप्पा रोज बघतात, आणि मी रोज त्यांना बघताना बघते.

मग थोड्या दिवसांनी ग्रुपवर आप्पांचा निरोप झळकला, 'माझ्या नावाने पुन्हा खोटे खाते निघाले आहे. सावध राहावे. खात्रीसाठी मला फोन करावा.' फोन आले. मी खातं शोधलं, सापडलं नाही. आप्पा म्हणाले, भ्यालं असंल, पळालं. काही दिवसांनी परत तोच निरोप. परत थोडे फोन, परत खातं गायब. त्याच्या पुढच्या खेपेला दोघांचेच फोन आले आणि एकानं ग्रुपवर विचारलं, गुंड्या, तुझ्या थोबाडाला एवढी मागणी कशी रं?

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी तडक आप्पांच्या पडवीत गेले. त्या दिवशी त्यांनी शेपूचाही प्रश्न विचारला नाही, माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. मी म्हटलं, "आप्पा, खोटं खातं न्हायच की."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पयल्या बारीला सगळी बोलली गं," ते म्हणाले. "चोरानं बोलवली म्हून बोलली. मी नुसतं ये म्हटलं तर कोण येतंय? आणि त्यो एक ऱ्हायलाय."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण मी शाळेत शिकवणारी बाई, गप्प बसणं आमच्या हाडात नाही. मी त्यांना सांगितलं, की असे खोटे इशारे देत राहिलात तर पुढं खरा चोर आला की एकजणही खात्री करणार नाही. कुणीतरी भोळेपणानं पैसे पाठवून बसेल. कदाचित कल्लाप्पाच पाठवतील.

हे मात्र त्यांना लागलं. तपासणीवाल्या माणसानं स्वतःच खोटा माल सोडला होता. त्यांनी लगेच फोन घेतला आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'माझ्या नावाने खोटे खाते नाही. मागचे निरोप मीच मुद्दाम टाकले. चूक माझी. माफी असावी. गुंडू.' पाठवलं आणि फोन पालथा घालून ठेवला. म्हणाले, "संपलं. आता कोण फोन करतंय?"

मी चहा टाकला. त्यांच्याच घरात, त्यांच्याच साखरेचा, आणि त्यांनी अडवलंही नाही, यावरून त्यांची अवस्था ओळखा. कप हातात देतेय तोच फोन वाजला. नंबर कुठल्यातरी लँडलाइनचा, नाव नाही. आप्पांनी सवयीनं स्पीकर लावला. पलीकडून आधी खोकला ऐकू आला, बराच वेळचा. मग एक घोगरा आवाज म्हणाला, "कोण बोलतंय?"

फोन स्वतः करून वर हा प्रश्न. आप्पा एरवी अशा माणसाची सात पिढ्यांची चौकशी करतात. आज नुसते म्हणाले, "गुंडू."

"खरा गुंडू कशावरनं? ग्रुपवर गुंडूच्या नावानं कोणतरी माफी मागाय लागलंय. गुंडू काय जल्मात चूक कबूल करायचा न्हाय. म्हटलं, आता खरंच चोरलं ह्याचं खातं."

आप्पांनी कप बाजूला ठेवला आणि फोन तोंडाजवळ धरला.

"इचार की वळख," आप्पा म्हणाले.

पलीकडून आवाज आला, "माझा शेवटचा तुकडा. कसा वाजलता?"

मी आप्पांकडे बघत होते. मनातल्या मनात म्हणत होते, आप्पा, एकदा, फक्त एकदा खणखणीत म्हणा. काय बिघडतंय? इतक्या वर्षांनी त्या तुकड्याचं कुणाला पडलंय?

"बद्द," आप्पा म्हणाले.

पलीकडून हसू फुटलं, त्यातच खोकला. "म्हंजे तूच हाईस."

"पर मी तुला बाजूला घेऊन सांगाय पायजे हुतं," आप्पा घाईनं म्हणाले, फोन तुटायच्या आत बोलून घ्यावं तसे. "पोरांच्या म्होरं बोलाय नको हुतं रं, कल्लू. चुकलंच माझं."

"आता परत सौंशय याय लागला," पलीकडचा आवाज म्हणाला. "मी उद्या येतो बेळगावला. तोंड बघूनच खात्री करतो."

पुढं काय बोलले ते मी ऐकलं नाही. साक्षीदाराची गरज संपली होती, म्हणून मी कप विसळायला आत गेले. बाहेरून गुडघ्याचं, भाताचं, जुन्या डब्यातल्या वांग्याचं बोलणं ऐकू येत होतं आणि मधूनमधून आप्पांचं ते हसणं, जे मी शेजारी राहूनही ऐकलं नव्हतं.

बाहेर आले तेव्हा फोन संपला होता. आप्पा उद्या काय स्वयंपाक करावा याच्या काळजीत होते. मी म्हटलं, शेपू करून आणते, खारट नाही करत. मग राहवेना म्हणून विचारलं, "आप्पा, पोटच्या पोरीला पातेलं इचारता. त्यांची वळख न्हाय इचारलीत?"

आप्पांनी शर्टाच्या टोकानं फोन पुसला आणि खिशात ठेवला.

"खोकला ऐकला न्हाईस?" ते म्हणाले. "तीच वाळू माझ्याबी छातीत हाय."