कढी ओतणारे बिडकर मास्तर

माझ्या बहिणीच्या लग्नात बिडकर मास्तरांनी कढीचं भरलं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि उकिरड्यावर उपडं केलं. पंगत बसलेली. अर्धं गारखेडा गाव बघतंय.

"कळकली! पातेल्याला कल्हई नाही. ताक म्हणजे तेजाब, पितळेतलं तांबं खातंय ते. अहमक हो, जहर वाढताय!"

मास्तर आम्हाला हायस्कुलात रसायन शिकवायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळेतली उर्दू गेली; मास्तरांच्या तोंडातली गेली नाही. कुणाच्याही घरी गेले, की आधी स्वयंपाकघरात शिरून भांड्यांची बुडं अंगठ्यानं घासून बघायचे. कल्हई उडालेली दिसली, की संपलं. बाईची भाकरी करपतेय आणि मास्तर आम्ल, धातू, क्षार समजावतायत. वर्गात मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा टाकायचे आणि खिळ्यावर तांबं चढलं, की एकटेच टाळ्या वाजवायचे.

"अणू मरत नाही, लेको. संगत बदलतो."

हे चुकलं, की छडी. ती छडी खाऊनच मी बीएस्सी झालो. सात पिढ्या मेंढरांमागं हिंडलेल्या घरातला पहिला. मला त्याची लाज नाही, गुर्मी आहे.

म्हणूनच त्या पंगतीत माझं डोकं फिरलं. माझे वडील, आबा, व्याह्यांपुढं मान खाली घालून उभे. तेवढ्यात व्याह्यांचा चुलता मोठ्यांदा बोलला, "कल्हईबिल्हई काय नाय. बामनाला धनगराचं ताक चाललं नाय, दुसरं काय?"

त्यानंतर आबा धड जेवले नाहीत.

मी शहरात मास्तरांच्या घरी गेलो. दारातच विचारलं, "मास्तर, कळकलं काय होतं? कढी, का आमची जात?"

मास्तर एकटेच राहायचे. "आधी पाणी पी," म्हणाले आणि पेला शोधायला लागले. कोनाड्यात तांब्या दिसला. मी हात पुढं केला.

"हात लावू नको त्याला!"

मिळालं उत्तर. मी वहाणा घालायला वळलो.

"तसं नाही रे, सखाराम. बघ तरी."

बघितलं. तांब्या बुडापासून काठापर्यंत हिरवागार. आणि हा माणूस दुसऱ्याच्या पातेल्यात हिरवा ठिपका खपवून घेत नव्हता!

"घासत का नाही?"

"शेवटचा हिनं घासला. चिंचेनं. त्याच दुपारी गेली." मास्तर छडीसारखे ताठ उभे होते. "आता चिंच लावली, की वरचा थर विरघळून मोरीत जाणार. त्या थराला तिचा हात लागलाय. हिरवा झाला तरी तांब्याचे अणू तेच आहेत. अणू मरत नाही..."

मास्तर पुन्हा पेला शोधायला लागले.

मास्तरांवरचा राग मी सोडलेला नाही. भरल्या पंगतीत माझ्या बापाची मान खाली गेली ती गेली. पण त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "चला, आबांना तुम्हीच सांगा."

आबा ओट्यावर बसले होते. मास्तर समोर जाऊन उभे राहिले. शेवटी म्हणाले, "आबा, भूक लागलीय. कढी आहे का?"

आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हाय. पर पातेलं तेच हाय, मास्तर. कल्हई अजून केली नाय."

"वाढा," मास्तर म्हणाले.

आणि पातेल्यात न डोकावता पहिल्यांदा जेवायला बसले.