कांद्याच्या वाफ्यातली चार मढी

बेचाळीस साली, ऐन महायुद्धात, इंग्लंडातल्या अख्ख्या यॉर्कशरमध्ये कांदा औषधालाही मिळत नव्हता, आणि माझ्या परसात मात्र पाच वाफे भरून डोलत होता! "यंदा भाजीपाल्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर ग्लेडहिलबाईंचा," असं मी स्वतःच गावभर सांगून ठेवलं होतं. दुसऱ्याला कशाला उगाच त्रास!

त्यातच आमच्या शिवारात रणगाड्यांच्या पलटणीचा सराव सुरू झाला. निळी बाजू गावावर चाल करणार, लाल बाजू तिला अडवणार. मी चहा टाकतेय तोच घर हादरलं, कपबशा नाचल्या, आणि बघते तर कुंपण गायब! कांद्यांच्या उरावर एक रणगाडा गाभण गाईसारखा धापा टाकत बसलेला.

पाठोपाठ फटफटीवरून दंडाला पांढरी पट्टी बांधलेला सरावाचा पंच आला. "लाल तोफेनं उडवलं तुम्हाला. मेलात!" एवढं बोलून गेलासुद्धा.

"मेलात तर मेलात, पण आधी माझ्या वाफ्यातून उठा!" मी ओरडले.

झाकण उघडून एक सार्जंट वर आला. पिकर्सगिल नावाचा. "नाही जमणार, काकू. मेलेली माणसं रणगाडा हाकत नाहीत. उद्या सराव संपला की आम्ही जिवंत."

"आणि तोवर?"

"तोवर मढी. चहा मिळेल का?"

चार मढी होती. चौघांनी मिळून माझी अख्खी पावरोटी फस्त केली!

मी तरातरा पोस्टात गेले आणि छावणीला फोन लावला. तारेत नुसती खरखर. "अहो, माझ्या परसात रणगाडा पडलाय! चार माणसं मेलीयत! घेऊन जा त्यांना!"

"चार मेली?" पलीकडचा किंचाळला.

"चार! आणि खातायत केवढी!"

हे शेवटचं त्याला ऐकूच गेलं नाही. पोस्टातल्या मिस प्रॉक्टरनंही ऐकलं नाही. ती तोंडावर हात धरून केव्हाच रस्त्यावर पळाली होती!

घरी येते तो एक रुग्णवाहिका दोन वाफे तुडवून उभी. उरलेल्या वाफ्यांत गाव. पाद्रीबाबा टोपी काढून कांद्याच्या पातीत उभे. शेजारची हेबल्थवेटबाई रविवारसाठी राखलेला केक दुःखाच्या घरी द्यायला म्हणून फडक्याखाली झाकून घेऊन आलेली, रेशनची महिन्याची साखर घालून केलेला.

सार्जंट कप हातात घेऊन झाकणातून डोकावला. "कोण गेलं हो, काकू?"

"तुम्हीच!"

मला हसू आवरेना. तेवढ्यात आमचे हे सायकल दामटत आले. गिरणीत त्यांना कुणीतरी एवढंच सांगितलं होतं: रणगाडा, माणसं मेली, तुझ्या घरी चल. आमचा पोरगा लेनर्ड लिबियात लढाईवर, रणगाड्यावरच होता. ईस्टरपासून त्याचं पत्र नव्हतं.

ह्यांनी सायकल तशीच टाकली. रणगाड्याजवळ गेले आणि त्या चार पोरांचे चेहरे एकेक करून पाहिले. "हा नाही," म्हणाले. "हाही नाही." मग मातीत मटकन बसले.

"अहो, खोटं खोटं मेलेत ते! सराव आहे!"

"खोटं खोटं?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ॲडा, मी येताना वाटेत पोराला पुरून आलो."

सार्जंटनं कप माझ्या हातात दिला. "चला रे, आत बसा. तो पंच गेला खड्ड्यात!"

रणगाडा गुरगुरला. मागे उभ्या माणसांना त्रास नको म्हणून बिचारा सरळ मागे न जाता जागच्या जागी वळला, आणि जो काही कांदा उभा होता तो सगळा पट्ट्याखाली घेऊन निघून गेला. कांद्यांसाठी रडावं तर ह्यांच्यासमोर लाज वाटत होती!

माणसं पांगली. हेबल्थवेटबाई तेवढी रेंगाळली.

"म्हणजे, कुणीच गेलं नाही?"

"नाही."

"देवाची कृपा गं बाई!" असं म्हणून तिनं फडकं नीट सारखं केलं आणि केक परत घरी घेऊन गेली.

आमच्या ह्यांनी तर सकाळपासून काही खाल्लंसुद्धा नव्हतं.